चेष्टास्मरण

फिजिओथेरपीचा मुलगा रोज सकाळी साडेदहाला यायचा. मायला खुर्चीत बसवायचा आणि म्हणायचा, "आजी, पदर डोक्यावर कसा घेतात ते दाखवा बरं." माय त्याच्याकडे बघायची, मग माझ्याकडे. प्रश्न तिला कळलेला असायचा. उजवा हात लुळा पडला होता, पण डाव्यात ताकद शाबूत होती. तो मांडीवरून वर यायचा, हवेत चाचपडायचा, कानाशी जाऊन थबकायचा आणि परत मांडीवर पडायचा. पक्षाघात होऊन सहा आठवडे झाले होते.

एक दिवस हेच चाललेलं असताना माझे सासरे दारात आले. मायचे व्याही. नव्वदीला आलेले, काठीवर भार देत चालणारे. त्यांनी चपलाही काढल्या नव्हत्या, तोच मायचा डावा हात वर गेला. मानेमागून त्यानं पदर उचलला, डोक्यावरून कपाळापर्यंत ओढला आणि काठ दोन बोटांत धरून क्षणभर तसाच राहिला. साठ वर्षं राहत आला होता, तसाच. फिजिओथेरपीचा मुलगा उभ्याचा उभा राहिला. "आजींनीच केलं ना?" त्यानं मला विचारलं.

डॉक्टरांकडे या प्रकाराला नाव होतं, अॅप्रॅक्सिया. अंगात बळ असतं, सांगितलेलं समजतं, पण "करून दाखवा" म्हटलं की हात करत नाही. तेच काम प्रसंगानं समोर आलं की कधी कधी सहज होऊन जातं. ह्यूगो लीपमान नावाच्या जर्मन डॉक्टरांनी १९०० साली अशा रुग्णाचा अभ्यास मांडला होता, हेही मला नंतर वाचून कळलं. मी धुळ्यात एकतीस वर्षं तर्कशास्त्र आणि भारतीय दर्शनं शिकवली. कर्ता कोण, ज्ञाता कोण, देह आणि आत्मा यांचं नातं काय, हे प्रश्न फळ्यावर लिहून मी किती तुकड्या पास करून दिल्या. त्या मुलाच्या साध्या प्रश्नाला मात्र माझ्याकडे उत्तर नव्हतं. पदर कोणी घेतला? मायला म्हणावं, तर सांगितल्यावर तिला तो घेता येत नव्हता.

हा प्रश्न मला एकटीला पडला असता तर मी तो पुस्तकांतच ठेवला असता. पण घरात आणखी एक माणूस होतं, ज्याचा धंदाच हा प्रश्न होता. माझी भाची. बहिणीची मुलगी, पुण्यात राहते, समकालीन नृत्य करते. आदल्या वर्षी ती आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आजोळी आली ती एक वही घेऊन. आजीच्या रोजच्या हालचाली तिला गोळा करायच्या होत्या. पाणी कसं ओढते, चुलीपुढे कशी बसते, उठताना गुडघ्यावर कोणता हात ठेवते, शिंकताना तोंड कुठे वळवते. यातून एक नाच उभा करायचा, असं ती म्हणाली. आमचं गाव अमळनेर तालुक्यात, बोरी नदीच्या अंगाला. गावातल्या बायकांना हे काही उमगेना. नाचायचं तर कानबाई देवीपुढे फुगडी आहे, लग्नात बँडपुढे आहे. म्हातारीच्या उठण्याबसण्याचा कसला नाच?

मलाही ते शहरी वाटलं होतं, हे कबूल करते. पुढे भाचीनंच मला एकेक गोष्ट सांगितली. १९६२ च्या जुलैत न्यूयॉर्कमधल्या जडसन मेमोरियल चर्चमध्ये काही तरुण नर्तकांनी पहिला प्रयोग केला आणि चालणं, बसणं, उभं राहणं हाच नाच आहे, असं म्हणायला सुरुवात केली. त्यांच्यातल्या स्टीव्ह पॅक्स्टननं १९६७ मध्ये 'सॅटिसफाइन लव्हर' बसवलं. त्यात बरीच साधी माणसं रंगमंचाच्या एका बाजूनं दुसऱ्या बाजूला चालत जातात, थांबतात, खुर्चीवर बसतात. बस. जर्मनीतल्या पिना बाउशनं १९७८ मध्ये 'कोन्टाक्टहोफ' केलं, तेच २००० साली पासष्टीपुढच्या माणसांकडून करून घेतलं आणि २००८ मध्ये शाळकरी वयाच्या मुलांकडून. हालचाली त्याच, अंगं निराळी. आपल्याकडे वाड्याला जन्मलेल्या चंद्रलेखा यांनी १९८५ च्या 'अंगिका'मध्ये भरतनाट्यम, कळरिपयट्टू आणि योग यांच्या मुळाशी असलेल्या अंगाचा शोध घेतला. हे ऐकताना मला सारखं वाटत होतं की यातलं निम्मं आपल्या बायांना आधीच ठाऊक आहे. मंगळागौरीचे खेळ घ्या. सूप, लाटणं, किसणं, कांडणं, गाठोडं, सगळी घरकामं तिथं खेळात उतरली आहेत. दिवसभर जी हालचाल राबवते, तीच रात्री खेळवते. भरतमुनींनी नाट्याचे लोकधर्मी आणि नाट्यधर्मी असे दोन मार्ग सांगितले आणि शास्त्रात सांगून उरलेलं लोकांकडून घ्यावं, असंही म्हणून ठेवलं. भाचीची वही म्हणजे त्या उरलेल्याचीच वही होती.

आखाजीच्या आदल्या दिवशी मायनं मांडे करायला घेतले. खानदेशात खापरावरची पुरणपोळी आणि आमरस यांच्याशिवाय आखाजी होत नाही. वस्त्रगाळ पीठ सैलसर भिजवून, आपटून, तेलाचा हात लावून तिंबलेलं. त्याची तार धरली की लोंबत राहावी, तुटू नये. मायनं उंड्यात पुरण भरलं, लाटून पुरीएवढं केलं आणि मग लाटणं बाजूला सारलं. इथून पुढे फक्त हात. पोळी उजव्या तळव्यावरून डाव्या मनगटावर गेली, तिथून परत उजव्यावर. हात कोपरापासून फिरत होते, तळवे वर, बोटं मिटलेली, नखं कुठंच लागत नव्हती. प्रत्येक फेरीला पोळी आपल्याच वजनानं पसरत होती. पाच-सहा फेऱ्यांत ती दोन्ही हातांवर कोपरापर्यंत आली, इतकी पातळ की पलीकडचा चुलीतला जाळ तिच्यातून तांबूस दिसावा. मग माय किंचित पुढे झुकली, खापराच्या पाठीवर हात उतरवले आणि पोळी ठेवून हात खालून काढून घेतले. खापर धगधगत होतं. पऱ्हाट्यांचा जाळ होता. तिला चटका बसला नाही.

भाची तीन वेळा व्हिडिओ थांबवून म्हणाली, "आजी, हात कुठून फिरवतेस ते सांग ना."

माय म्हणाली, "माले काय माहीत? हातले माहीत."

दर्शनाच्या कोणत्याही परीक्षेत हे उत्तर चूक ठरेल. न्यायमतात ज्ञान हा आत्म्याचा गुण आहे, हाताला काही माहीत असू शकत नाही. पण गंमत अशी, की शरीर म्हणजे काय ते सांगताना न्यायसूत्रकार गौतमांनी सगळ्यांत आधी जो शब्द वापरला तो आहे चेष्टा. शरीर म्हणजे चेष्टेचा, इंद्रियांचा आणि अर्थांचा आश्रय. मराठीत या शब्दाची आज थट्टामस्करी झाली आहे, पण मूळ अर्थ आहे हालचाल, तीही सहेतुक. हवं ते मिळवण्यासाठी किंवा नको ते टाळण्यासाठी जी धडपड, ती चेष्टा, असं भाष्यकार वात्स्यायन समजावतात. दगड उतारावरून गडगडतो ती चेष्टा नव्हे. मायचा पदर कपाळावर येतो, ती चेष्टा. देहाची ओळख हाडामांसावरून न सांगता हालचालीवरून सांगणारी ही व्याख्या मी वर्षानुवर्षं शिकवली आणि तिच्यावरून घाईनं पुढे गेले. विद्यार्थ्यांना आत्म्याकडे न्यायची मला घाई असायची.

वैशेषिकांनी तर हालचालीला स्वतंत्र पदार्थाचा मान दिला. कर्माचे पाच प्रकार त्यांनी मोजले: उत्क्षेपण, अवक्षेपण, आकुंचन, प्रसारण आणि गमन. वर उचलणं, खाली टाकणं, आखडणं, पसरणं, जाणं. मुळात हे सगळ्या वस्तूंच्या गतीसाठी आहे, पण उखळाशी उभ्या बाईला बघा, पहिले दोन दिसतील. मांडे करणाऱ्या हातात पुढचे दोन. मात्र वैशेषिक एक कठोर गोष्टही सांगतात. कर्म क्षणिक आहे, झालं की नष्ट होतं. आणि एका कर्मातून दुसरं कर्म जन्मत नाही. म्हणजे मायच्या हाताची फिरकी भाचीच्या हातात थेट जाऊच शकत नाही. मधे काहीतरी लागतं. त्याला त्यांनी संस्कार म्हटलं आणि त्याचे तीन प्रकार केले. वेग, भावना आणि स्थितिस्थापक. भावना आत्म्यात राहते, तिच्यामुळे आठवण होते. स्थितिस्थापक म्हणजे वाकवलेली वस्तू सोडली की पुन्हा मूळ जागी येते तो गुण. गुंडाळलेली चटई उलगडली तरी पुन्हा गुंडाळायला बघते, तसा.

आता माझं म्हणणं मांडते. मायला पदर घेता आला तो भावनेमुळे नाही. ती आठवून करू गेली की हात थांबायचा. पण मनुष्याचा देह त्यांच्याच मते पार्थिव आहे आणि पार्थिव द्रव्यात स्थितिस्थापक असतो. मग साठ वर्षं एकाच घडीत मुडपलेला हात त्या घडीकडे परत का जाणार नाही? जुन्या पंडितांनी चटईचं आणि फांदीचं उदाहरण घेतलं. चुलीपुढचा हात त्यांनी पाहिला असता तर कदाचित तोही घेतला असता. शास्त्राच्या चौकटीत हे बसवताना ओढाताण होते, मला ठाऊक आहे. तरी "हातले माहीत" या तीन-तीन अक्षरी शब्दांमागे काहीच नाही, असं मी आता म्हणू शकत नाही.

आमच्या अमळनेरलाच १९१६ साली प्रताप शेठांनी तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं. विद्यार्थिनी असताना मी तिथल्या ग्रंथालयात बसले आहे. कृष्णचंद्र भट्टाचार्यांचं 'द सब्जेक्ट अॅज फ्रीडम' हे पुस्तक १९३० साली तिथूनच निघालं. आत्मा पायरी पायरीनं कसा मोकळा होत जातो, हा त्याचा विषय. त्यातली पहिलीच पायरी देहाची आहे. बाहेरून दिसणारा देह वेगळा आणि आतून जाणवणारा देह वेगळा, हे त्यांनी तिथं दाखवलं. फ्रान्समध्ये मेर्लो-पाँतींचं देहानुभवावरचं मोठं पुस्तक आलं ते १९४५ मध्ये. बोरीकाठी निघालेल्या त्या पुस्तकाची ही बाजू आम्ही फार थोडी वाचली. सगळ्यांचं लक्ष शेवटच्या पायरीवर.

देह टाकून द्यायचा, हे आपल्याकडे इतक्या वेळा ऐकवलं जातं की त्याचा विचार करायचं राहून जातं. गीतेतली जुन्या वस्त्रांची उपमा आम्ही दहाव्याला, तेराव्याला ऐकतो. मला ती उपमा लहानपणापासून खटकायची, कारण आमच्या घरात जुनं वस्त्र कधी टाकलंच जात नव्हतं. लुगडं विरलं की त्याचं धुडकं, बऱ्या भागाची गोधडी, उरलेल्या चिंध्या उशीत. माझ्या आजीच्या लुगड्याचा काठ आजही माझ्या पायाशी असतो. देह वस्त्रासारखा असेल, तर वस्त्राचं खानदेशात जे होतं ते देहाचंही व्हायला हवं. त्याचं काहीतरी पुढच्याच्या अंगावर यायला हवं.

आणि हे म्हणणारी मी पहिली नाही. माझ्या शेजारचं घर महानुभावपंथी. खानदेशात या पंथाची मंडळी पुष्कळ. त्या घरातल्या काकूंनी मला एकदा सहज सांगितलं होतं की त्यांच्याकडे स्मरण चार तऱ्हेचं, नाम, मूर्ती, लीळा आणि चेष्टा. त्या वेळी मी मान डोलावली. मायच्या आजारपणात तो चौथा शब्द मला पुन्हा ऐकू आला. देवाचं नाव घेणं, रूप डोळ्यांपुढे आणणं, त्याची चरित्रं आठवणं, हे सगळ्याच पंथांत असतं. पण देवानं मान कशी वळवली, हात कसा हलवला, हे आठवणं हीसुद्धा उपासना? पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी उत्तरेकडे निघून गेले आणि मागे राहिलेल्यांचा जीव तुटू लागला. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिलं होतं त्यांच्याकडून एकेक प्रसंग विचारून विचारून 'लीळाचरित्र' जमवलं. त्यात मोठं तत्त्वज्ञान आहेच. पण स्वामी कुठे बसले, कसे निघाले, विडा कसा दिला, कोणाकडे बघून हसले, हेही तितक्याच निगुतीनं आहे. 'स्थानपोथी'त तर आसन कुठं झालं, आरोगणा (जेवण) कुठं, पहुड (झोप) कुठं, याच्या दिशा आणि जागा नोंदल्या आहेत. 'लीळाचरित्र' हा मराठीतला पहिला मोठा गद्यग्रंथ एका माणसाच्या वावरण्याची नोंद आहे, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही.

पंथाच्या दृष्टीनं ही चेष्टा परमेश्वराची, म्हणून ती तारक. माझ्या आईच्या हाताला त्या पंक्तीत बसवायचा माझा हेतू नाही, तसं केलं तर त्या काकूंना दुखावल्यासारखं होईल. मी त्यांच्याकडून रीत शिकले. ज्याच्यावर जीव आहे त्याची शिकवण लक्षात ठेवावी, तसंच त्याचं बसणं-उठणंही लक्षात ठेवावं, आणि दुसरं पहिल्यापेक्षा हलकं समजू नये.

पण लक्षात ठेवायचं कशात? धुळ्यात राहणाऱ्याला हा प्रश्न टाळता येत नाही. पांझरेच्या काठच्या या शहरात कागद जपायची केवढी परंपरा! इतिहाससंशोधक राजवाडे १९२६ च्या अखेरीस इथंच वारले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावानं संशोधन मंडळ उभं राहिलं. त्यांनी गावोगाव पायपीट करून मिळवलेली दप्तरं तिथं आहेत. शंकर श्रीकृष्ण देवांनी जमवलेली समर्थ संप्रदायाची बाडं समर्थ वाग्देवता मंदिरात आहेत. त्या बाडांतलं अक्षर बघताना लेखणी धरणाऱ्या बोटांचा दाब कळतो, तेवढीच काय ती अंगाची खूण. तिकडे जळगावला बहिणाबाईंचं पाहा. अक्षरओळख नसलेली ही बाई, मुलानं आणि भावबंदांनी उतरवून घेतलं म्हणून तिची गाणी राहिली. १९५१ च्या डिसेंबरात ती गेली आणि पुढच्या वर्षी पुस्तक आलं. जुन्या जळगावातल्या चौधरी वाड्यात तिच्या वापरातल्या वस्तू ठेवल्या आहेत. शब्द राहिले, वस्तू राहिल्या. त्या दोहोंच्या मधे जो हात होता, खुंटा धरून खांद्यापासून ओढणारा, तो मात्र कुठल्याही कपाटात ठेवता आला नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी महाराष्ट्रभर फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, फार मोठं काम. पण जात्याच्या फेऱ्याला अंगाचा जो झोक लागायचा तो ज्या बायांच्या अंगात आहे, त्या आज सत्तरी-ऐंशीच्या आहेत.

भाचीच्या वहीत एक लिपी होती. रुडॉल्फ लाबाननं १९२८ मध्ये मांडलेली, हालचाल लिहायची लिपी. उभ्या रेघा, काळे-पांढरे ठोकळे. मायचे मांडे तिनं त्यात उतरवले होते. मी म्हटलं, "म्हणजे झालंच की दप्तर." ती म्हणाली, "मावशी, हे वाचायलासुद्धा अंग लागतं. नाचल्याशिवाय ही पोथी उघडत नाही." तिच्या या वाक्यानं मला तिच्या कामाचा धर्म कळला. कागदावरचं स्मरण मनानं करता येतं. हे स्मरण करायला आपला खांदा, आपली पाठ द्यावी लागते. त्या वेळेपुरतं आपलं अंग आपलं राहत नाही, दुसऱ्याच्या सवयीला जागा करून देतं. भक्तीत आणखी वेगळं काय असतं?

एवढं मानूनही दोन गोष्टींनी मला अडवलं, त्या सांगायला हव्यात.

दिवाळीत भाची कापूस वेचायला गेली होती, आमच्याच शिवारात, मजूर बायकांबरोबर. कमरेला ओटी बांधून. बोंड उमललं की चार-पाच पाकळ्यांत कापूस असतो. डाव्या हातानं झाड आवरायचं आणि उजव्याच्या पाचही बोटांनी एका चिमटीत सगळा कापूस काढायचा, टरफलाची वाळकी टोकं बोटांत घुसू न देता, कवडी मागे ठेवून. सराईत बाई पुढच्या बोंडाकडे बघत असते आणि हात मागच्या बोंडात असतो. भाची दुपारपर्यंत रक्ताळलेली बोटं घेऊन आली. संध्याकाळी तिनं अंगणात त्यातलं थोडं करून दाखवलं, वाकणं, चिमूट, ओटीत टाकणं. एक मजूर बाई बराच वेळ बघत होती. ती म्हणाली, "पोरी, दिवसभर वाकून आमची पाठ मोडते. तुला त्याच्यात गोड काय दिसलं?"

त्या बाईच्या प्रश्नाला दर्शनात उत्तर शोधू नये. किलोवर मजुरी घेणाऱ्या पाठीचा वाक रंगमंचावर मोहक दिसत असेल, तर तो नाच खोटा आहे, एवढं मी भाचीला स्पष्ट सांगितलं. तिनं ऐकलं. नाचातला तो भाग तिनं लांबवला. आता ती वाकते आणि वाकलेलीच राहते, सरळ न होता, इतका वेळ की बघणाऱ्याची कंबर अवघडावी. काही प्रेक्षक कंटाळतात. कंटाळू देत.

दुसरी गोष्ट पदराची. पक्षाघातानंतरचा तो प्रसंग मी फोनवर सांगितला तेव्हा भाची गप्प झाली. मग म्हणाली, "मावशी, आजीचं बोलणं गेलं, चव गेली, आणि राहिलं ते पुरुष दिसला की डोकं झाकणं? हे मी जपू?" तिचा राग खरा होता. मायच्या हातात जे सर्वांत खोल उतरलं होतं ते तिनं निवडलेलं नव्हतं. चौदाव्या वर्षी सासरी आल्यावर ते तिच्या अंगावर घातलं गेलं होतं. संस्कार हा शब्द आपण नेहमी कौतुकानं वापरतो. वैशेषिकांनी तो कौतुकानं वापरला नव्हता. बाणाचा वेग हाही संस्कारच. तो कुठे लागेल ते बाण ठरवत नाही.

मी तिला राजवाड्यांचं उदाहरण दिलं. जुन्या दप्तरांत दानपत्रं असतात, तशीच कर्जरोखे आणि भांडणंही असतात. इतिहास शोधणाऱ्यानं त्यातलं आवडेल तेवढंच ठेवायचं नसतं. पदराची ती हालचाल ठेव, पण तिच्यापुढे मान तुकवू नकोस. ज्यांच्या अंगावर आता पदर नाही, त्या मुलींना कळू दे की आजीच्या हाताला काय काय वाहावं लागलं. भाचीनं ती हालचाल शेवटी घेतली. जीन्स घातलेली मुलगी, डोक्यावर काही नाही, हात मानेमागे जातो, नसलेला काठ दोन बोटांत धरतो. पुण्यात मी तो प्रयोग पाहिला. शेजारी बसलेल्या एका बाईचा हात नकळत आपल्या खांद्याकडे गेला.

मायनं तो शेवट पाहिला नाही. तिनं पाहिला होता तो पहिला, अर्धामुर्धा प्रयोग, त्याच दिवाळीत, आमच्या अंगणात, आजारी पडण्याच्या तीन महिने आधी. भाचीनं मांड्यांची हालचाल केली. रिकामे हात, वर, डोळ्यांच्या रेषेत फिरणारे, सुंदर. आम्ही टाळ्या वाजवल्या. माय ओट्यावर बसून होती. ती म्हणाली, "कोपर इतलं वर कसाले लेस? पाच मांडामाच थकी जाशी." एवढं वर कोपर कशाला घेतेस, पाच मांड्यांतच दमशील. भाचीनं सांगितलं, मागच्या रांगेला दिसावं म्हणून. मायला ते पटलं नाही. ज्या हाताला तीस माणसांचे मांडे करायचे असतात तो हात अंगालगत राहतो, बळ वाचवतो. बघणाऱ्यासाठी उचललेलं कोपर ही दुसरीच चेष्टा, तिच्यात हवं-नकोचा हेतू वेगळा. लोकधर्मी आणि नाट्यधर्मी यांच्यातलं अंतर इतकं नेमकं मला कोणत्याही ग्रंथात मोजलेलं आढळलं नव्हतं. एक वीतभर होतं.

माय श्रावणात गेली, कानबाईच्या रोटांआधी. त्या वर्षी आमच्याकडे रोट झाले नाहीत.

या आखाजीला तिची पहिली घागर भरली. खानदेशात आखाजी पितरांची. घागरीवर खरबूज, त्याच्याशेजारी पुरणाचं पान, चुलीत आगारी. भाची आदल्या दिवशीच आली. मायचं खापर तिनं माळ्यावरून काढलं, धुतलं, पालथं घालून तापवलं. पीठ मी भिजवलं. तिच्या हातून पहिले दोन मांडे फाटले, तिसऱ्याला भोक पडलं. चौथा खापरावर अख्खा उतरला, तो आम्ही मायच्या पानावर ठेवला. पुढचे सात केले तोवर ऊन कलायला आलं होतं आणि ती घामानं निथळत होती. मी मुद्दाम बघत होते. कोपर अंगाला लागून होतं.